क्षमेनंतरची कापणी

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या दोन गुन्हेगारांपैकी एकाने अखेरच्या घटकेला येशूकडे दयेची याचना केली आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचे आश्वासन मिळाले, असे लूक सांगतो. त्याने तप केले नव्हते, दान दिले नव्हते, बाप्तिस्माही घेतला नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेत याहून निखळ क्षमा शोधून सापडणार नाही. तरीही त्या माणसाला वधस्तंभावरून कोणी खाली उतरवले नाही. संध्याकाळ होण्याआधी शिपायांनी त्याचे पाय मोडले, अशी नोंद योहानाच्या शुभवर्तमानात आहे. क्षमा पूर्ण मिळाली आणि शिक्षाही पूर्ण भोगावी लागली.

माणसाने केलेल्या निवडीचे परिणाम किती काळ टिकतात, आणि पश्चात्तापाने त्यातले काय पुसले जाते, हा ख्रिस्ती विचारातला जुना प्रश्न आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये त्याची दोन घाईची उत्तरे ऐकू येतात. देवाने क्षमा केली, आता मागचे उकरून काढू नका, हे पहिले. तुमच्या घरातले आजारपण किंवा अपयश हे तुमच्याच कुठल्यातरी पापाचे फळ आहे, हे दुसरे. पहिल्या उत्तराने ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे तोंड बंद होते. दुसऱ्याने दुःखात असलेल्या माणसावर दोषाचे ओझे चढते. पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा अनुभव या तिन्हींकडे पाहिले तर या दोन्हींपेक्षा खोल उत्तर हाती लागते. क्षमा देवाशी तुटलेले नाते जोडते. निर्णयाचे परिणाम मात्र शरीरात, घरात, समाजात आणि कायद्यात चालत राहतात, आणि ते निस्तरण्याची जबाबदारी क्षमा मिळालेल्या माणसावर अधिकच येते. या लेखातून मला हेच मांडायचे आहे.

पवित्र शास्त्रातले धागे

पेरणी आणि कापणी यांचा संबंध सुटत नाही, देवाला यात फसवता येत नाही, असे पौल गलतीकरांना बजावतो. हे पत्र त्याने विश्वास ठेवलेल्या, क्षमा मिळालेल्या मंडळीला लिहिले आहे. जुन्या करारात या नियमाची उदाहरणे ठायी ठायी आहेत. रानातून दमून आलेल्या एसावाने मसुरीच्या वरणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्या भावाला विकला. भूक एका वेळेची होती, व्यवहार जन्माचा ठरला. पुढे रडून मागितले तरी गेलेले परत आले नाही, याची आठवण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात इशारा म्हणून दिली आहे. कनान देश हेरायला गेलेल्या बारा जणांपैकी दहा जणांनी धास्तीचा निरोप आणला आणि लोकांनी तो मानला. मोशेने मध्यस्थी केली तेव्हा देवाने क्षमा केल्याचे सांगितले, आणि त्याच बोलण्यात ती पिढी वचनदत्त देश पाहणार नाही हेही सांगितले. हेरगिरीच्या चाळीस दिवसांसाठी चाळीस वर्षांची भटकंती वाट्याला आली.

दावीद राजाची कथा याहून खोल जाते. त्याने आपला सैनिक उरीया याची बायको बथशेबा हिला बोलावून घेतले आणि पाप झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी पाठवून मारवले. नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर दोषी ठरवले. दावीदाने कबुली देताच क्षमा जाहीर झाली, पण त्या संबंधातून झालेले मूल वाचले नाही आणि घरात तलवार शिरली. थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, तिचा भाऊ अबशालोम याने त्याचा सूड घेतला आणि नंतर बापाविरुद्धच बंड पुकारले. बापाने जे आडून केले तेच मुलांनी उघडपणे केले. तामारेवरचा अन्याय ऐकून दावीद संतापला, पण त्याने मुलाला शासन केल्याचे कुठे लिहिलेले नाही. स्वतःच्या पापाने त्याचा नैतिक अधिकारच गेला होता, असे मला वाटते. या कथेत सर्वात जड परिणाम भोगले ते उरीयाने, तामारेने आणि त्या तान्ह्या मुलाने, म्हणजे ज्यांनी काहीच निवडले नव्हते त्यांनी.

म्हणूनच शास्त्रात दुसरा धागा आहे, आणि तो पहिल्याला लगाम घालतो. ईयोबाच्या दुःखामागे त्याचे पाप असलेच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्या मित्रांना देवानेच खोटे ठरवले. शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती, ही समजूत येशूने मोडून काढली. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप याचे की आईबापांचे. येशूने दोघांचेही नाही म्हणून सांगितले. पापाचे परिणाम असतात हे खरे. पण समोरच्याचे दुःख पाहून त्याचे पाप शोधायला निघणे ख्रिस्ताला मान्य नाही.

तिसरा धागा पिढ्यांचा आहे. आईबापांच्या दोषाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते असे दहा आज्ञांमध्ये म्हटले आहे; तिथेच देवाची दया हजारो पिढ्यांवर राहते असेही म्हटले आहे. यिर्मया आणि यहेज्केल या संदेष्ट्यांच्या काळात लोक या शिकवणुकीचा आधार घेऊन स्वतःची जबाबदारी झटकू लागले, तेव्हा दोघांनीही स्पष्ट केले की अपराध ज्याचा त्याचा. दोन्ही विधाने एकत्र वाचली तर अर्थ लागतो: दोष वारशाने येत नाही, परिणाम मात्र येतात. दारूड्या बापाचे पाप मुलाच्या नावावर मांडले जात नाही, पण त्या घरातली भीती आणि कर्ज मुलाच्या वाट्याला येतेच.

चांगल्या निवडीही अशाच दूरवर जातात. मवाबी विधवा रूथ हिला माहेरी परत जाण्याची पूर्ण मोकळीक होती. तिने सासू नामीची साथ सोडली नाही, बेथलेहेमला आली, शेतात सरवा वेचून घर चालवले. त्या एका निर्णयातून ती दावीदाची पणजी झाली, आणि मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले. आपल्या निर्णयातून काय उगवणार आहे, हे तिला तेव्हा ठाऊक असणे शक्यच नव्हते.

मंडळीतले वाद

माणूस खरोखर मोकळेपणाने निवडतो का, यावर मंडळीत शतकानुशतके वाद झाले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस म्हणत होता की माणसाने ठरवले तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (354–430) याने स्वतःच्या आयुष्याच्या अनुभवावरून त्याला विरोध केला. आपल्या आत्मनिवेदनात त्याने सवय कशी जडते हे सांगितले आहे: इच्छा वाकडी होते, तिचे लाड केले की सवय लागते, आणि सवयीला आवर घातला नाही की तिची गरज बनते. व्यसनाधीन माणसाचे इतके अचूक वर्णन त्यापूर्वी फार थोड्यांनी केले असेल. निवडीचा पहिला परिणाम निवडणाऱ्यावरच होतो आणि पुढची निवड करण्याची त्याची ताकद कमी होते, हे ऑगस्टीनचे मोठे निरीक्षण. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी मात्र आदामाचा दोष सर्वांना चिकटला असे कधी मानले नाही. त्याच्या पापाने मरण आणि दुर्बलता जगात आली, आणि माणसाने देवाच्या कृपेला साथ द्यायची आहे, असा त्यांचा भर राहिला.

मध्ययुगातल्या पश्चिमी मंडळीने क्षमा आणि परिणाम वेगळे करून दाखवण्याचा प्रयत्न केला. पापाची सार्वकालिक शिक्षा क्षमेने मिटते, पण त्याचे ऐहिक ओझे उरते आणि ते प्रायश्चित्ताने फेडायचे असते, ही कॅथोलिक शिकवण आजही आहे. तिचा गैरवापर पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या दंडमाफीच्या पत्रांत झाला आणि 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे 1524 मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि 1525 मध्ये ल्यूथरने त्याला सडेतोड उत्तर दिले: तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा बद्ध आहे, कृपाच तिला सोडवते. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या मंडळी-सभेने (1618–19) देवाच्या पूर्वनिवडीवर भर दिला. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने कृपा सर्वांसाठी आहे आणि ती नाकारताही येते असे ठासून सांगितले. तारण कृपेनेच मिळते, यावर कॅथोलिक आणि लूथरन मंडळ्यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

या वादांमधून सर्व पंथांना मान्य होईल असे एक सूत्र निघते. परिणाम भोगून कोणी देवाची क्षमा कमावत नाही. आणि क्षमा मिळाली म्हणून कोणी परिणामांपासून सुटत नाही. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर याने 1937 च्या आपल्या पुस्तकात स्वस्त कृपेवर कठोर टीका केली: पश्चात्तापाशिवाय क्षमा वाटणारी मंडळी सुवार्तेचा विश्वासघात करते, असे त्याचे म्हणणे होते. 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी असताना तो हिटलरच्या जर्मनीत परतला आणि 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिली गेली. आपल्या लिखाणाची किंमत त्याने स्वतः चुकती केली.

जॉन न्यूटनचे उदाहरण याच संदर्भात मोलाचे आहे. 1748 मध्ये समुद्रावरच्या वादळात त्याचे मन देवाकडे वळले. तरी त्यानंतर 1754 पर्यंत तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर, पुढे कप्तान म्हणूनही, काम करत राहिला. पुढे तो पाळक झाला, ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने लिहिले. पण गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली 1788 मध्ये. चाळीस वर्षे लागली. त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले अत्याचार उघड केले, या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या खासदार विल्बरफोर्सला साथ दिली, आणि 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला. त्याच्या जहाजांवरून विकायला नेलेली माणसे मात्र कोणी परत आणू शकले नाही. मनपरिवर्तन एका रात्रीत होऊ शकते; त्याचे परिणाम आयुष्यात उतरायला कधी कधी अर्धे आयुष्य जाते.

कर्मफळ आणि कृपा

मराठी वाचकाच्या मनात इथे कर्मसिद्धान्त येणारच. दोन्ही विचार कृती वाया जात नाही असे मानतात. फरक तीन ठिकाणी आहे. ख्रिस्ती श्रद्धेत आयुष्य एकच असते, त्यामुळे आजच्या दुःखाचे मूळ मागच्या जन्मात शोधता येत नाही आणि आजची चूक पुढच्या जन्मावर ढकलता येत नाही. दुसरे, हिशेब ठेवणारा नियम नसून न्याय आणि दया करणारा देव आहे, म्हणून हिशेब मोडूनही तो जवळ घेऊ शकतो. तिसरे, एकाचे परिणाम दुसरा भोगतो हे ख्रिस्ती विचार उघड मान्य करतो; ख्रिस्ताचा वधस्तंभ हेच त्याचे सर्वोच्च उदाहरण. काशीत शिकलेले आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी हिंदू दर्शनांची चिकित्सा करताना या प्रश्नांचा सखोल विचार केला. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटोत न पटोत, कृपा आणि कर्म यांचा सामना भारतीय भाषेत कसा मांडायचा याचा पाया त्यांनी घातला.

महाराष्ट्रातली कापणी

तात्त्विक चर्चेची खरी कसोटी आयुष्यात लागते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात बाप्तिस्मा घेणे हा एका माणसाचा निर्णय असला तरी त्याचे परिणाम कधीच एका माणसापुरते राहिले नाहीत. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहत होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन ज्ञातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. म्हणजे एका मुलाच्या पावलाने मराठी समाजात शुद्धीचा वाद पेटला. नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवून मागास मानल्या गेलेल्या जातींमध्ये आयुष्यभर काम केले. दोन भावांच्या वाटा एका वर्षात वेगळ्या झाल्या आणि त्या वाटांवर पुढे कितीतरी माणसे चालली.

या निर्णयांचे परिणाम इतके टोकाचे होते की सरकारला कायदे करावे लागले. धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये म्हणून 1850 चा 21 वा कायदा आला. धर्मांतर केलेल्या जोडीदाराला दुसऱ्याने टाकले तर त्या विवाहाचे काय करायचे यासाठी 1866 चा कायदा आला. प्रत्येक कलमामागे कुठले तरी घर दुभंगलेले होते. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्या काळाची तडफड लिहून ठेवली आहे. विधवांच्या दुःखावर त्यांनी 1857 मध्ये लिहिलेली ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, त्याची झळ लागली पत्नी लक्ष्मीबाईंना आणि लहानग्या मुलाला, दत्तूला. सुमारे पाच वर्षे नवरा-बायको वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या मागे डोळे झाकून पाऊल टाकले नाही. एकत्र आल्यानंतर त्यांनी आधी सोवळे-ओवळे आणि जातिभेद स्वतःच्या विचाराने टाकला, आणि 1900 मध्ये स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. 1934 पासून प्रसिद्ध होत गेलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी त्या वियोगाचे दुःख लपवले नाही आणि टिळकांना दोषीही ठरवले नाही. टिळकांच्या निर्णयाला महान म्हणताना बायकोने भोगलेली वर्षे विसरणे अन्याय होईल, आणि ती वर्षे आठवताना त्यांतून मराठीला मिळालेले पुस्तक विसरणेही चूक होईल. दोन्ही गोष्टी एकमेकींना रद्द करत नाहीत.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत परिणामांची ही साखळी आणखी लांब आहे. तिची सुरुवात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यापासून होते. बायकोला संस्कृत शिकवायचे त्यांनी ठरवले, त्यासाठी पंडितांचा रोष पत्करला, गंगामूळच्या रानात राहिले. दुष्काळात आईवडील गेले, पण शिकलेल्या मुलीने 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केले. 1882 मध्ये नवरा वारला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत जोतीराव फुले होते. 1885 च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंचे समर्थन केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी त्यांचे शारदा सदन सुरू झाले. 1893 मध्ये तिथल्या मुलींच्या धर्मांतराच्या आरोपांवरून सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा धर्मांतराचा निर्णय त्यांच्या कामाला असा महागात पडला.

तरी त्याच शारदा सदनातली विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई जोशी, हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी 11 मार्च 1893 रोजी विवाह केला, वाळीत पडण्याची किंमत मोजली, आणि 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला. पुढे 1916 चे महिला विद्यापीठ त्याच वाटेवर उभे राहिले. रमाबाईंनी शारदा सदन उघडले नसते तर ही वाट कुठून सुरू झाली असती, सांगता येत नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसाठी त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले. बायबलचे मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर करण्याचे काम मरेपर्यंत चालवले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. देवाचा आशीर्वाद असेल तर सारे सुखाचे होते, असे सांगणाऱ्या समृद्धीच्या उपदेशाला हे चरित्र पुरेसे उत्तर आहे.

ज्यांना निवडच नव्हती

वरची सर्व उदाहरणे शिकलेल्या, नाव मिळालेल्या माणसांची आहेत. ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्यांतून आलेला नाही. गोव्यात सोळाव्या शतकापासून झालेली धर्मांतरे नेहमीच मोकळ्या मनाने झाली नाहीत; पोर्तुगीज सत्तेची सक्ती आणि 1560 पासूनचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायासन, हा त्या इतिहासाचा भाग आहे. आपल्या देवांच्या मूर्ती घेऊन लोक तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुजमध्ये, म्हणजे फोंड्याकडे, गेले, घराणी फुटली. ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जाती राहिल्या. त्याच गोव्यात धर्मगुरू थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये मराठी ओवीतले ‘ख्रिस्तपुराण’ छापून नव्या ख्रिस्ती लोकांच्या हाती त्यांच्याच भाषेतले शास्त्र दिले. सक्तीने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी सक्ती करणाऱ्यावर असते. मंडळीने हे मान्य करायला कचरू नये.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, आणि जालना भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महार-मांग समाजातले हजारो लोक ख्रिस्ती झाले. पोटासाठी झाले असा टोमणा त्यांना पिढ्यानपिढ्या ऐकावा लागला. माणूस म्हणून उभे राहण्याची, मुलांना शाळेत घालण्याची इच्छा ही पोटापेक्षा लहान गोष्ट नव्हे. त्या निर्णयाचा परिणाम त्यांची पणतवंडे आजही भोगत आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. धर्म बदलला म्हणून जातीचा जाच थांबला नाही, पण संरक्षण मात्र गेले. पणजोबाने देवापुढे केलेल्या निवडीचा दंड राज्याने पणतूकडून वसूल करणे न्याय्य नाही. आणि चर्चमध्येही वेगळे बसवले जाण्याचा, लग्न ठरताना जात विचारली जाण्याचा अनुभव त्या पणतूला येत असेल, तर दोष एकट्या राज्याचा नाही.

मंडळीचे स्वतःचे हिशेब

क्षमा आणि परिणाम यांची गल्लत केली की काय होते, हे मंडळी अलीकडे फार मोठी किंमत देऊन शिकली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना क्षमेच्या आणि उपचाराच्या नावाखाली एका धर्मग्रामातून दुसऱ्यात हलवले गेल्याचे वृत्तपत्राने उघड केले. त्याच वर्षी तिथल्या कार्डिनलांना पद सोडावे लागले. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारी कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. पश्चात्ताप केल्याचे सांगणाऱ्याला पुन्हा मुलांजवळ पाठवणे ही क्षमा नव्हती, तो बळींचा दुसऱ्यांदा केलेला विश्वासघात होता. अपराध्याला देवाची क्षमा मिळू शकते, पण त्याला पद सोडावे लागेल, न्यायालयापुढे उभे राहावे लागेल. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

जमीन विकण्याच्या निवडींचे परिणामही असेच परत न फिरणारे असतात. वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले म्हणून. एकाने वाडी विकली तर तो खासगी व्यवहार असतो. शंभरांनी विकल्या की विहिरींचे पाणी जाते, आणि ज्यांनी विकल्या नाहीत त्यांचेही जाते. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या जतनावरच्या आपल्या परिपत्रकात पुढच्या पिढ्यांना न्याय देण्याचा आग्रह धरला. विकलेली वाडी कबुलीने परत मिळत नाही, म्हणून इथे पश्चात्तापापेक्षा आधी केलेला विचार मोलाचा.

क्षमा मिळालेल्याने काय करावे, याचे उत्तर जक्कयाच्या घरात मिळते. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जकातदारांच्या त्या मुख्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत करण्याचे जाहीर केले. त्याने मोबदला देऊन कृपा विकत घेतली नाही. कृपा आधी घरात आली होती. पण भरपाई केल्याशिवाय ती त्या घरात टिकणार नाही, हे त्याला कळले होते. पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातही हेच दिसते: पळून आलेला त्याचा दास अनेसिम याला भाऊ म्हणून स्वीकार अशी विनंती तो करतो, आणि नुकसान झाले असेल तर ते माझ्या नावावर मांड असेही सांगतो. क्षमेत नुकसानाचा विषय गाडून टाकलेला नाही. ते कोणीतरी भरून द्यायचे आहे.

आणि ज्या गोष्टी भरून देता येत नाहीत त्यांचे काय? पेत्राने तीनदा येशूला नाकारले आणि यहूदाने त्याला धरून दिले. दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदाने परिणामांनाच शेवटचा शब्द मानला आणि जीव दिला. पेत्र रडला, थांबला, आणि त्याच्यावर मंडळीची जबाबदारी आली. त्याचे नाकारणे चारही शुभवर्तमानांत जसेच्या तसे राहिले, कोणी खोडले नाही. ज्याच्या हातून न भरून येणारे काही घडले आहे, त्याच्यासाठी पेत्राची वाट अजून मोकळी आहे. निराशेने जीव देण्याचा विचार ज्याच्या मनात घोळत असेल, त्याने आजच घरच्या माणसाकडे, पाळकाकडे किंवा डॉक्टरांकडे मन मोकळे करावे. देव अशा माणसाला टाकत नाही, हे सांगणे मंडळीचे पहिले कर्तव्य आहे.

पाळकांना आणि धर्मगुरूंना माझी विनंती आहे: कबुली ऐकाल तेव्हा क्षमेबरोबरच विचारा, नुकसान कोणाचे झाले आणि ते कसे भरून देणार. लग्नाआधीच्या मार्गदर्शनात, व्यसनमुक्तीच्या सभेत, जमीन विकायला निघालेल्या घरात हाच प्रश्न विचारा. आणि दुःखात असलेल्या माणसाला त्याचे पाप विचारू नका. त्याला काय हवे ते विचारा. वाचकांनाही एवढेच सांगायचे आहे की ज्याचे आपण देणे लागतो त्याच्याकडे या आठवड्यात जा. क्षमा मागा, आणि परत देण्यासारखे जे काही असेल ते परत द्या.